शंभरचा बारीक रोल

खेळण्यातल्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात कुठला रोल घालावा, असं माझ्या मुलीने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कुठलाच नको. त्यात शेंगदाणे भर." मी गंमत करत नव्हते. त्या कॅमेऱ्याला साबणाच्या वडीएवढंही वजन नव्हतं. भिंग प्लास्टिकचं. मागचं झाकण इतकं ढिलं की ते उघडू नये म्हणून तिने स्वतःच त्याला काळी चिकटपट्टी लावली होती. वरच्या बाजूला एक खटका, त्याच्या एका टोकाला सूर्य काढलेला आणि दुसऱ्या टोकाला ढग. सूर्यावर ठेवा नाहीतर ढगावर ठेवा, आत काडीचाही फरक पडत नाही. मी स्वतः उघडून पाहिलंय. घेणाऱ्याला आपण काहीतरी ठरवतोय असं वाटावं, एवढंच त्या खटक्याचं काम.

या विषयात मला बोलायचा हक्क आहे. एकोणीस वर्षांची असल्यापासून मी कतारगामच्या एका कलर लॅबमध्ये कामाला होते, ती लॅब बंद पडेपर्यंत. धुऊन छापून आलेले फोटो तपासायचे, कापायचे, पाकिटात भरायचे. अर्ध्या सुरतची लग्नं आणि बारशी माझ्या हाताखालून गेली. कोपरे काळे पडलेले, मधूनच उजेडाचा पट्टा गेलेला, एका फोटोवर दुसरा चढून नवरदेवाच्या पोटातून बस निघालेली, असले फोटो आम्ही बाजूच्या टोपलीत टाकायचो. चुकून एखादा पाकिटात गेला तर गिऱ्हाईक भांडायला यायचं, आणि त्याचं भांडण रास्त असायचं. आता त्याच टोपलीतल्या मालाला कला म्हणतात. आमची टोपली मी घरी आणली असती तर आज मोठी कलावंत म्हणून मिरवले असते.

मुलगी कापडाच्या डिझाइनचं शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या तिघीचौघींनी असले कॅमेरे मागवले आणि एका रविवारी त्या सगळ्या आमच्या गोडादऱ्याच्या घरी येऊन बसल्या, कारण मुलीने वर्गात सांगितलं होतं की मम्मीला रोलमधलं सगळं कळतं. मी म्हटलं, कोपरे काळे येतील, झाकणातून उजेड आत शिरेल. तर म्हणते, "अरे मम्मी, ए ज तो मजा छे!" घरात आजोबा अहिराणी बोलतात, मी मराठी बोलते, आणि हिला हसू मात्र गुजरातीत येतं. फोटो 'पाडायचा' म्हणते. मी शंभरदा सांगितलं की फोटो काढतात, पाडतात ती भिंत. तिच्या कानावरची माशी उडत नाही.

रोल निवडायची त्यांची रीत बघून मला कपाळावर हात मारावासा वाटला. एकीला तारीख उलटलेला रोल हवा होता, कारण त्यात रंग विटके येतात. हिच्या घरी तारीख उलटलेलं दूध आलं तर हिची आई दुकानदाराच्या दारात जाऊन तमाशा करील, आणि ही जास्तीचे पैसे मोजून विटका रोल घेणार. दुसरीला आभाळ जांभळं करणारा रोल हवा होता. तिसरीला डबीवरचं चित्र आवडलं होतं, डबीत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मी त्यांना नीट सांगितलं. एकदाच सांगितलं. या कॅमेऱ्याच्या भिंगाला एकच भोक आणि बटणाला एकच वेग. तुम्ही काहीही बदलू शकत नाही. रोलवरचा आकडा तेवढा तुमच्या हातात. शंभरचा रोल उजेडाला मंद, त्याला डुमसच्या किनाऱ्यावरचं भर दुपारचं ऊन लागतं. चारशेचा रोल चपळ, सावलीत, गल्लीत, ढगाळ दिवशी चालतो. शंभरच्या रोलमध्ये फोटोचा दाणा बारीक येतो, चारशेमध्ये जाड येतो, हे खरं. पण उजेड जास्त झाला तर निगेटिव्ह पोटात घालते, कमी पडला तर घालत नाही. म्हणून असल्या डब्यात डोळे मिटून चारशेचा घाला आणि गप्प बसा. पोरींनी माना डोलावल्या आणि चित्रवाला रोल मागवला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. धुळ्याकडचे, तरुणपणी मालेगावात सुती मागावर होते, मग सुरतेला आले आणि इथल्या सांच्यावर उभे राहिले. इथे यंत्रमागाला सांचा म्हणतात आणि सांच्यांच्या शेडला खातं म्हणतात. चाळीस वर्षं ते एकाच खात्यात, त्यातली निम्मी तरी बावीस नंबरच्या एकाच सांच्यावर. अडुसष्ट वय झालं तरी डबा घेऊन निघायचे. मी बंद करा म्हटलं की म्हणायचे, "घर बठीसन काय करू? तुनं तोंड देखू?"

पण ते खातंच बंद होत होतं. शेठने सुरतेबाहेर सचिन गावात नवीन मशीनं टाकली होती, पाण्याच्या फवाऱ्यावर धागा फेकणारी, जिथे दहा कारीगरांचं काम एक जण बघतो. हे जुने सांचे भंगारात जायचे होते. सोमवारी भंगारवाला येणार असं ठरलं होतं. म्हणजे आबांच्या हातात आठ दिवस उरले होते.

पोरी गेल्यावर आबांनी तो कॅमेरा हातात घेतला. उलटासुलटा केला, खटका इकडून तिकडे केला. मग मला विचारलं, "येले फोन म्हनतीन का?"

मला प्रश्न कळला नाही. मग कळला. आबांचा सांच्यावर उभा असलेला एकही फोटो आमच्याकडे नाही. एकाचा हात फोनवर रील बघताना पट्ट्यात सापडल्यापासून त्या खात्यात फोन न्यायला बंदी होती. दारात एक लाकडी पेटी, आत जाताना फोन त्यात टाकायचा. शेठ सांगताना मात्र डिझाइन चोरीला जातं असं सांगायचा. साधं पांढरं कोरं कापड विणणारं खातं! त्यात चोरण्यासारखं डिझाइन काय, उभा धागा की आडवा धागा? पण शेठ लोकांना असं काहीतरी लागतं, नाहीतर आपण मोठे कारखानदार आहोत असं त्यांना वाटत नाही. एका कारीगराने शेवटच्या आठवड्यापुरती फोटोची परवानगी मागितली होती, तर शेठ म्हणाला, "फोटा पछी पाडजो, पहेला ताको उतारो." फोटो नंतर, आधी कापडाचा तागा उतरवा. नंतर म्हणजे कधी, सांचे भंगारात वितळल्यावर?

"आबा, तुम्ही विचारा ना शेठला. चाळीस वर्षं झाली. तुम्हाला नाही म्हणणार नाही."

"चाळीस वरीस कधी काही मांगं नही. आते फोटो मांगू?"

हा ताठा आमच्या घरात वाडवडिलांपासून आहे आणि त्याने आमचं कधी भलं केलेलं नाही. पण त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या डब्याला कोणी फोन म्हणणार नाही, कॅमेराही म्हणणार नाही. डब्याच्या पिशवीतून तो आत जाईल. मुलगी तर उडीच मारायला लागली. तिच्याकडे काळेपांढरे दोन रोल होते, एक शंभरचा, एक चारशेचा. काळेपांढरे बरे, कारण ते मी घरी धुऊ शकत होते. लॅबच्या मागे पासपोर्ट फोटोंची एक अंधारी खोली होती, तिथे मी ते शिकले होते. लॅब बंद झाली तेव्हा रोल धुवायचं भांडं आणि अंधारात हात घालून रोल काढायची बाह्यांची काळी पिशवी मी घरी आणली होती.

मी दोन्ही डब्या आबांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आकडे वाचले.

"हाऊ नको. चारशेना जाडा ऱ्हास. तूच सांगं ना आते पोरीस्ले? शंभरना टाक. बारीक ऱ्हास."

इथे आबांची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कळणार नाही. मालेगावला सुती धाग्याचा काउंट असतो. तिथे आकडा वाढला की धागा बारीक होतो. सुरतेच्या धाग्याला डेनियर असतो आणि इथे सगळं उलटं, आकडा वाढला की धागा जाड. आबा नवीन आले त्या पहिल्याच आठवड्यात मास्तरने त्यांना बारीक धाग्याच्या कांड्या भरायला सांगितल्या. आबांनी मालेगावच्या हिशेबाने मोठा आकडा बघून घेतल्या आणि साडीच्या झुळझुळीत कापडात गोणपाटासारखा पट्टा विणून ठेवला. अख्खं खातं हसलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना लोक 'जाडा' म्हणून हाक मारायचे, आणि आबा तर चांगले काडीसारखे होते. तेव्हापासून आकडा वाढला की जाड, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. जाड म्हणजे हलका माल, बारीक म्हणजे भारी माल. आणि आपल्या आयुष्यातला एकुलता एक सांच्यावरचा फोटो हलक्या मालात निघावा, हे त्यांना मान्य नव्हतं.

दाण्याबद्दल ते बरोबरच होते. पण खात्यात काय उजेड असतो हे मला माहीत होतं, निदान ऐकून माहीत होतं. पत्र्याची शेड, खिडक्या धाग्याच्या फुफाट्याने बंद झालेल्या, वर चार ट्यूबलाइट. तिथे त्या कॅमेऱ्यात शंभरचा रोल घालणं म्हणजे झाकण लावून फोटो काढणं. चारशेचा घातला असता, कॅमेरा कशावर तरी टेकवून बटण दोन सेकंद दाबून धरा असं सांगितलं असतं, आणि मी रोल औषधात जास्त वेळ ठेवला असता, तर माणूस दिसला असता. दाण्यादाण्याचा दिसला असता, पण दिसला असता. बटण दाबून ठेवलं की भोक उघडंच राहतं, त्या डब्यातली तेवढीच एक कामाची गोष्ट होती आणि ती मी पोरींनाही सांगितली नव्हती.

मी बोलले नाही. का बोलले नाही ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, या कचऱ्यातून नाहीतरी काय येणार आहे? ज्या डब्याची मी सकाळपासून टिंगल करत होते, त्याच्यासाठी आता रोल निवडायला बसायचं मला कमीपणाचं वाटलं. म्हातारा खूश आहे ना, राहू दे. मी शंभरचा रोल घातला, झाकणाला पट्टी मारली आणि कॅमेरा डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारावरच्या वॉचमनने पिशवी तपासली. कॅमेरा हातात घेऊन हसला म्हणे, "क्या चाचा, पोते का खिलौना ले आए?" आबा त्याला म्हणाले, उभा राहा, तुझाच काढतो. आणि त्याचा पहिला फोटो काढला. संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता जसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

पुढचे चार दिवस आबा इस्त्रीचा शर्ट घालून खात्यात गेले. सांच्यावर सगळे बनियनवर असतात, त्या उकाड्यात दुसरं काही अंगावर ठेववत नाही. हे मात्र माझ्या मुलीच्या दहावीच्या सत्काराला घेतलेला शर्ट घालून, दाढी करून, केसांना तेल लावून निघायचे. शेजारच्या सांच्यावरचा ओडिया कारीगर बटण दाबायचा. रोज आल्यावर पाणी पिता पिता आबा यादी सांगायचे. एक धोटा बदलताना. एक तुटलेली तार, म्हणजे धागा, सांधताना. एक नुसताच सांच्यावर हात ठेवून. एक दोघांचा, तो ओडिया आणि हे, त्यासाठी मास्तरने बटण दाबलं. मुलगी टाळ्या वाजवायची. मी भाकरी थापत म्हणायचे, "त्या डब्याने एवढं सगळं काढलं तर मी माझं नाव बदलेन."

शुक्रवारी रोल संपला आणि आबा जेवणाच्या सुट्टीतच घरी आले. मी तो दुपारी न्हाणीघरात धुतला. आबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मधूनमधून विचारत होते, "धवाई गया का?" त्यांच्या आयुष्यात कापड खात्यातून निघालं की मिलमध्ये धुवायला आणि रंगवायला जायचं. ते परत आलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. धुणं झाल्यावर काय दिसतं याची त्यांना उत्सुकता होती.

भांड्यातून रोल बाहेर ओढला आणि माझे हात थांबले. काच. नुसती पारदर्शक काच, हातभर, दोन हात, शेवटपर्यंत. कडेचे आकडे तेवढे स्वच्छ उमटलेले. सगळ्यात पहिला फोटो मात्र आलेला होता. उन्हात उभा असलेला वॉचमन, दात दाखवून हसणारा. इतका बारीक आणि इतका स्वच्छ की त्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. बाकी पस्तीस घरांत माझे वडील इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि एकाही घरात नव्हते.

मी तो रोल कपड्यांच्या दोरीला चिमट्याने अडकवला. आबा उठून आले. ओल्या टोकाला हात न लावता त्यांनी तो खिडकीकडे धरला आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, जसं ते कापडातला दोष शोधायचे. बराच वेळ शोधत राहिले.

"कितलं बारीक शे," म्हणाले.

मला त्या वेळी स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. आबांना सांगितलं, अंधार पडला, उजेड कमी होता, दुसरा रोल घालू, या वेळी चारशेचा. मला ठाऊक होतं हे मात्र सांगितलं नाही. ते म्हणाले, "काही नही वं माय. आजून सकायना दिन शे." उद्याचा दिवस आहे अजून. मी चारशेचा रोल घातला. कॅमेरा कसा टेकवायचा, बटण किती दाबायचं, सांचा बंद करूनच फोटो कसा काढायचा, सगळं तीन वेळा घोकून घेतलं. जे मी पाच दिवस आधी एका मिनिटात सांगू शकले असते ते सांगायला मी आता अर्धा तास घेतला.

शनिवारी आबा नेहमीच्या वेळेला निघाले आणि अकरा वाजता परत आले. डबा तसाच भरलेला. चप्पल न काढता दारात उभे राहिले.

"लई ग्यात," म्हणाले. सांचे घेऊन गेले.

भंगारवाल्याला टेम्पो लवकर मिळाला होता, म्हणून तो सोमवारची वाट न बघता पहाटेच येऊन गेला. एवढंच. कोणाची काही चूक नाही. शेठला कळवायची गरज वाटली नाही, कारण कारीगरांना कशाला कळवायचं? सांचा त्यांचा थोडाच होता.

मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि आबांना म्हटलं, चला. मुलगी कॉलेजला गेली होती. आम्ही दोघंच गेलो. आमच्यात बायका खात्यात जात नाहीत. आई शेवटपर्यंत डबा भरत राहिली पण त्या दारापलीकडे तिने पाऊल टाकलं नाही, आणि मीही नाही. आता अडवायला कोणी नव्हतं. वॉचमनची खुर्ची रिकामी, फोनची लाकडी पेटी झाकण उघडं पडलेली. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि तो आत न्यायला कोणीही हरकत घेतली नाही.

लहानपणापासून मी या जागेचा आवाज आबांच्या बोलण्यातून ऐकत आले होते. ते घरी इतकं मोठ्याने का बोलतात, हे लग्नानंतर मला कळलं. आणि मी आत गेले तेव्हा तिथे अगदी शांत होतं. दोन माणसं छपरावर चढून पत्रे उतरवत होती. अर्धं छप्पर गेलेलं, वरून ऊन सरळ जमिनीवर पडलेलं. जन्मात त्या शेडमध्ये एवढा उजेड आला नसेल. जमिनीवर रांगेने बोल्टाची भोकं, तेलाचे डाग, धाग्याचा फुफाटा. आबा काहीही न मोजता चालत गेले आणि एका जागी थांबले. तिथे फरशीला दोन उथळ खळगे होते, पावलांएवढे. त्यांनी चपला काढल्या आणि खाली न बघता पावलं बरोबर त्या खळग्यांत ठेवली.

मी म्हटलं, "आबा, इकडे बघा."

ते बघायला लागले. मग त्यांना हातांचं काय करावं ते सुचेना. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, कमरेच्या जरा वर, आणि तिथे ठेवले. मी म्हणते ठेवले, कारण ते हवेत आहेत असं वाटत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्या प्लास्टिकच्या भोकातून मला काही दिसेना. तसंच बटण दाबलं. खटका सूर्यावर होता की ढगावर, ते मी पाहिलंसुद्धा नाही. मग पर्समधला फोन काढायला लागले, तर आबांनी मानेनेच नको म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "येनावरच." मी दुसरा काढला, तिसरा काढला, सगळा रोल संपवला.

तो रोल मी त्याच दुपारी धुतला. फोटो आले. शेजारच्या स्टुडिओतून एक मोठा करून आणला. चारही कोपरे काळे. ढिल्या झाकणातून शिरलेला उजेडाचा पट्टा आबांच्या खांद्यावरून गेलेला. दाणा रव्याएवढा. लॅबमध्ये असते तर त्याकडे दुसऱ्यांदा न बघता टोपलीत टाकला असता.

आबांच्या हातात दिला. त्यांनी आधी बघितला नाही, अंगठ्याने चोळला, कापड बघतात तसा.

"जाडं शे," म्हणाले.

"चारशेना शे, आबा." आणि मग मला राहवलं नाही. "माले माहीत व्हतं. पहिलेच चारशेना टाकाले पाहिजे व्हता. मी सांगं नही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तेवढी तयारी केली होती. त्यांनी फोटो लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ऱ्हाऊ दे. जाडं टिकस."

फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, टीव्हीच्या वर. मुलीच्या मैत्रिणी आल्या की त्याच्यापुढे उभ्या राहून वा वा करतात, काळे कोपरे बघा, दाणा बघा, उजेडाचा पट्टा बघा. मी त्यांना काही बोलत नाही, बोलण्यासारखं तोंड मी ठेवलेलं नाही. गावाकडचे पाहुणे मात्र ते काही बघत नाहीत. ते सरळ विचारतात की आबांनी हात असे पुढे का धरलेत. आबा सांगतात, "तठे सांचा शे ना." पाहुणा चष्मा सावरून पुन्हा जवळ जाऊन बघतो, त्याला वाटतं आपल्यालाच दिसत नाही. त्या वेळी मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जाते. तिथे कपाटाच्या वरच्या फळीवर, काळ्या पिशवीखाली, शंभरचा तो बारीक रोल गुंडाळून ठेवलेला आहे. सांचा त्यात आहे.